नागपूरचे एक अधिवेशन : मालगुजारीच्या अंताची कथा

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या सडकेवर अभनपूर हे गाव लागते. १९०० साली सुरू झालेल्या रायपूर–धमतरी या छोट्या रेल्वेचे ते एक जंक्शन होते. राजिमकडे जाणारा फाटा येथूनच फुटत असे. भोवतालचा मुलूख भातशेतीचा आणि तलावांचा. आज हे गाव छत्तीसगढ राज्यात आहे. परंतु १९५० साली तेथील शेतकऱ्याच्या जमिनीविषयीचा कायदा सुमारे ३०० किलोमीटर दूर, नागपूरला होत असे. रायपूर, दुर्ग व बिलासपूर हे छत्तीसगढी जिल्हे, जबलपूरकडील महाकोशल, नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा हे मराठी जिल्हे आणि वऱ्हाडचे चार जिल्हे एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाची विधानसभा त्या शहरात भरत असे. या सभेने १९५० सालच्या एप्रिल महिन्यात जे विधेयक संमत केले, त्याने अभनपूरच्या रयतेचे आणि भंडाऱ्याच्या रयतेचे भवितव्य एकाच वेळी बदलले. ते कसे संमत झाले आणि पुढे न्यायालयात त्याच्या संमतीविषयीच शंका का घेतली गेली, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

मालगुजार कोण होता?

मालगुजार हा मूळचा जमिनीचा मालक नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा तो एक मध्यस्थ होता. छत्तीसगढात त्यास गौंटिया म्हणत. ब्रिटिश अमदानीत, १८६० नंतरच्या दशकात जमीनमहसुलाची जी आकारणी झाली, तिच्या वेळी सरकारने या सारा भरणाऱ्यास गावाचे स्वामित्व बहाल केले. जो काल वसुलीचा जबाबदार होता, तो आज धनी झाला. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारी कुटुंबे त्याची कुळे ठरली.

हे स्वामित्व केवळ शेतापुरते मर्यादित नव्हते. गावचे रान, गवत, पडीक जमीन, तलाव, वाटा आणि बाजाराची जागा यांवरही मालगुजाराचा हक्क चाले. त्याच्या घरच्या शेतीस ‘सीर’ व ‘खुदकाश्त’ अशी नावे होती. रयतेस सरपण, गुरांची चराई, छपरासाठी गवत आणि तलावाचे पाणी मिळण्याचा जो रूढ हक्क होता, त्यास ‘निस्तार’ म्हणत. या रूढींची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावदप्तरात होत असे. परंतु नोंद असणे निराळे आणि हक्क प्रत्यक्षात मिळणे निराळे. गावच्या रानाची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याशी वाद घालणे गरीब कुळास परवडत नसे. वऱ्हाडात मात्र रयतवारी पद्धत असल्यामुळे तेथील बहुतेक शेतकऱ्यांचा सरकारशी थेट संबंध होता. तेथे जहागिरी, इजारा यांसारख्या दुमाला जमिनींचाच काय तो प्रश्न होता.

सभेचे स्वरूप

१९३५ च्या कायद्यान्वये मध्य प्रांत व वऱ्हाडास ११२ सदस्यांची एकसभागृही विधानसभा मिळाली आणि १९३७ पासून ती काम करू लागली. दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त हे तिचे अध्यक्ष. हेच गृहस्थ पुढे भारतीय संविधानाच्या हिंदी अनुवादासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे प्रमुख झाले. ११२ जागांपैकी ३ जागा जमीनदारांसाठी आणि २ मजुरांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. ही आकडेवारीच त्या काळच्या राज्यव्यवस्थेचा कल सांगून जाते.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट मताधिकाराची होय. १९४६ साली ज्या निवडणुकीतून ही सभा पुन्हा निवडली गेली, तीत सर्व प्रौढ नागरिकांना मत नव्हते. सारा, खंड, कर किंवा शिक्षण यांच्या ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्यांनाच मत देता येत असे. लहान कूळ आणि भूमिहीन मजूर यांपैकी बहुसंख्य लोक मतपेटीपर्यंत पोहोचतच नव्हते. रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळामागे उभी असलेली ही सभा २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अंमलात आल्यानंतरही नव्या निवडणुका होईपर्यंत मध्य प्रदेश राज्याची तात्पुरती विधानसभा म्हणून चालू राहिली. अशा मर्यादित मतांवर निवडून आलेल्या सभेनेच, ज्यांना मत नव्हते त्यांच्या जमिनीचा प्रश्न हाती घेतला, हे या अधिवेशनाचे वैशिष्ट्य होय.

विधेयकाचा प्रवास

विधेयक ११ ऑक्टोबर १९४९ रोजी सभागृहात मांडण्यात आले. १५ ऑक्टोबर रोजी ते प्रवर समितीकडे सोपविण्यात आले. समितीने ९ मार्च १९५० रोजी आपला अहवाल दिला. मधल्या काळात संविधान अंमलात आले आणि त्यामुळे एक अनपेक्षित लाभ झाला. संविधानाच्या प्रारंभी जी विधेयके राज्य विधानमंडळांपुढे प्रलंबित होती, त्यांना पुढे राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्यास नुकसानभरपाई अपुरी असल्याच्या कारणावरून न्यायालयात आव्हान देता येऊ नये, अशी तरतूद अनुच्छेद ३१ मध्ये होती. ऑक्टोबरात मांडलेले हे विधेयक त्या छत्राखाली आले.

विधेयक चर्चेत असताना मालमत्ता हातोहात दुसऱ्याच्या नावे होण्याची भीती होती. म्हणून त्यात असे कलम घालण्यात आले की, सरकारजमा होणाऱ्या मालमत्तेतील कोणताही हक्क मालकाने १६ मार्च १९५० नंतर हस्तांतरित केला असल्यास, काही अपवाद वगळता, तो व्यवहार निहित होण्याच्या तारखेपासून रद्द समजला जाईल.

मार्चच्या अखेरीस विधेयक लोकमतासाठी प्रसृत करावे, पुन्हा प्रवर समितीकडे पाठवावे, अशा सूचना आल्या. सभागृहाने त्या फेटाळल्या. ३ एप्रिलपासून ५ एप्रिलपर्यंत कलमवार चर्चा झाली. अनेक दुरुस्त्या नामंजूर झाल्या. ५ एप्रिल रोजी विधेयक संमत करावे असा अखेरचा प्रस्ताव मांडण्यात आला, अध्यक्षांनी तो वाचून दाखविला आणि त्यावर भाषणे झाली.

राष्ट्रपतींनी २२ जानेवारी १९५१ रोजी अनुमती दिली. २६ जानेवारी रोजी कायदा राजपत्रात प्रसिद्ध झाला आणि ३१ मार्च १९५१ हा निहित होण्याचा दिवस ठरविण्यात आला. त्या दिवशी मालगुजारी संपली. रान, तलाव, विहिरी, पाट, मासेमारी, हाट, जत्रांच्या जागा आणि भूगर्भातील खनिजे ही सर्व राज्याकडे आली. घर, घरची शेती, खासगी विहिरी व झाडे मालकाकडे राहिली. निव्वळ उत्पन्नाच्या दहापट नुकसानभरपाई देण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले.

न लिहिलेली ओळ

जमीनदारांनी कायद्यास आव्हान दिले. नागपूर उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. त्यानंतर जून १९५१ मध्ये संविधानाची पहिली दुरुस्ती झाली आणि नवव्या अनुसूचीत जे १३ कायदे घालण्यात आले, त्यांत मध्य प्रदेशचा हा कायदाही होता. तरीही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रमुख अर्जदार होते चांदा जिल्ह्यातील अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव.

त्यांच्या वतीने मांडलेल्या मुद्द्यांपैकी एक मुद्दा विलक्षण होता. ५ एप्रिल १९५० च्या कामकाजाच्या अधिकृत वृत्तान्तात अखेरचा प्रस्ताव मांडल्याची नोंद आहे, भाषणांची नोंद आहे. परंतु प्रस्ताव मतास टाकला आणि तो संमत झाला, ही ओळ त्यात नाही. मग विधेयक संमत झाले असे म्हणावयाचे कशाच्या आधारे? आणि ते संमतच झाले नसेल, तर राष्ट्रपतींनी अनुमती दिली ती कशाला?

हा युक्तिवाद हास्यास्पद म्हणून सोडून देण्याजोगा नाही. सभागृहाची इच्छा ही एखाद्या व्यक्तीच्या इच्छेसारखी मनात राहणारी वस्तू नव्हे. मत घेतले जाते, मोजले जाते, लिहिले जाते, तेव्हाच ती इच्छा अस्तित्वात येते. ज्या राज्यात बहुमत आहे म्हणून मत घेण्याची गरज नाही असे मानले जाईल, तेथे विरोधी सदस्याला सभागृहात बसण्याचे प्रयोजन उरणार नाही. दुसऱ्या पारड्यात लक्षावधी कुळे होती. एका लेखनिकाच्या हातून एक ओळ राहून गेली म्हणून त्यांना पुन्हा मालगुजाराच्या स्वाधीन करावयाचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने मे १९५२ मध्ये निर्णय दिला. विधेयक संमत झाल्याचे अध्यक्षांचे प्रमाणपत्र होते. शिवाय कार्यपद्धतीतील कथित अनियमिततेच्या कारणावरून विधानमंडळाच्या कामकाजाची वैधता न्यायालयात तपासता येत नाही, असे अनुच्छेद २१२ सांगतो. प्रस्ताव रीतसर मतास टाकला नाही असे क्षणभर गृहीत धरले, तरी सभागृहाचे प्रचंड बहुमत त्याच्या बाजूस होते याबद्दल वाद नव्हता. न्यायालयाने हा मुद्दा फेटाळला आणि संपूर्ण कायदा वैध ठरविला.

अमेरिकेतील तोच प्रश्न

हा पेच केवळ नागपूरचा नव्हता. अमेरिकेतील घटक राज्यांच्या विधानमंडळांपुढे तो एकोणिसाव्या शतकापासून उभा होता. तेथील अनेक राज्यांच्या संविधानांत अशी सक्ती आहे की, विधेयकाच्या अंतिम संमतीच्या वेळी कोणत्या सदस्याने बाजूने व कोणी विरुद्ध मत दिले, हे सभागृहाच्या रोजनाम्यात लिहिले पाहिजे. पीठासीन अधिकाऱ्यांनी सही केलेली प्रत आणि रोजनामा यांत तफावत आढळल्यास खरे कोणते मानावे? काही राज्यांतील न्यायालयांनी रोजनाम्याला प्रमाण मानले, तर काहींनी सहीच्या प्रतीला. तेथील संघीय सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली संघीय कायद्यांच्या बाबतीत सहीच्या प्रतीचा पक्ष घेतला. नागपूरच्या प्रकरणातील निर्णय त्याच दिशेचा आहे.

योगायोगाची गोष्ट अशी की, नेब्रास्का या अमेरिकन राज्याने आपली दोन सभागृहे मोडून ४३ सदस्यांचे एकच सभागृह केले आणि त्याचे पहिले अधिवेशन १९३७ सालीच भरले. एकच सभागृह असले म्हणजे चूक दुरुस्त करणारे दुसरे सभागृह नसते. म्हणून तेथे रोजनाम्याची जबाबदारी अधिकच वाढते.

कायद्यानंतर

१९५२ साली प्रौढ मताधिकाराने निवडलेली, २३२ जागांची पहिली विधानसभा नागपुरात भरली. कुंजीलाल दुबे तिचे अध्यक्ष झाले. या वेळी अभनपूरच्या कुळालाही मत होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरची ती सभा इतिहासजमा झाली. तिने केलेला कायदा मात्र दोन्हीकडे मागे राहिला.

त्याचे फळ सर्वत्र सारखे गोड निघाले नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव आजही आहेत. लोक त्यांना थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. तलावाची मालकी लेखणीच्या एका फटक्याने सरकारकडे आली. परंतु दरसाल गाळ काढणे, पाळ बांधणे आणि पाणी वाटून देणे ही कामे गावाच्या ज्या व्यवस्थेतून होत होती, ती व्यवस्था राजपत्राबरोबर हस्तांतरित झाली नाही. पुष्कळ तलाव गाळाने भरले. निस्ताराचा हक्क मागण्यासाठी रयत पूर्वी मालगुजाराच्या वाड्यावर जात असे. आता ती सरकारी कचेरीत जाऊ लागली. धनी बदलला, पण हेलपाटे तेच राहिले, अशी तक्रार जुन्या मालगुजारी मुलखात ऐकू येई, ती अगदीच निराधार नव्हती.

असे असले तरी एक फरक मूलभूत आहे. मालगुजाराला गावाने निवडलेले नव्हते आणि गाव त्याला काढूही शकत नव्हते. कचेरीतील अधिकारी ज्या शासनाचा नोकर आहे, ते शासन विधानसभेला जबाबदार असते आणि विधानसभा मतदाराला. अभनपूरपासून नागपूरपर्यंतचे अंतर रेल्वेने कमी झाले नव्हते; ते प्रौढ मताधिकाराने कमी झाले. ५ एप्रिल १९५० ची राहून गेलेली ओळ न्यायालयाने क्षम्य मानली, कारण सभागृहाचे मत काय होते याविषयी कोणासच संशय नव्हता. मत निसटते असते, तर त्याच ओळीवर सारा कायदा अवलंबून राहिला असता. म्हणूनच विधानमंडळाचा रोजनामा लिहिणाऱ्याचे काम, वरकरणी कितीही किरकोळ दिसले, तरी कायदा करणाऱ्याच्या कामाहून कमी मोलाचे मानता येत नाही.