चण लहान, पाय वेगवान

प्रश्न : मुलगा 17 वर्षांचा, उंची पाच फूट तीन इंच, वजन 50 किलो. खो-खो, कबड्डी दोन्ही खेळतो, वाऱ्यासारखा पळतो. लोक म्हणतात, ‘एवढ्याशा पोराला लीगमध्ये कोण घेणार?’
– एक पालक, इंदापूर

उत्तर : प्रो कबड्डीतली 85 किलो ही कमाल मर्यादा आहे; तेवढं वजन हवंच असं नाही. मात्र कोपरारक्षकाने घोटा धरला की 50 किलोच्या चढाईपटूला सुटणं जड जातं, हेही खरं. माझ्या मते तो खो-खोचाच. 2022 मध्ये बालेवाडीत झालेल्या पहिल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये ‘वजीर’ या खास आक्रमकाला कुठल्याही दिशेने पळायची मुभा होती; तिथे चपळाईच मोलाची. तरी कबड्डी लगेच सोडवू नका. खांबाला वळताना गुडघा आत झुकतो का, ते प्रशिक्षकांना पाहायला सांगा. वजनासाठी पावडरी नकोत. बारावी पूर्ण होऊ द्या आणि यंदा जिल्ह्याच्या निवड चाचणीला त्याला जरूर उतरवा.