घटक 4 : सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाची घडण

4.1 उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षक-प्रशिक्षणाची वाटचाल थोडक्यात सांगता येईल.
• एकात्म विषय आणि स्वतंत्र विषय या दोन भूमिकांतील भेद स्पष्ट करता येईल.
• आपल्या परिसरातील एका विषयावर एकात्म पाठाची आखणी करता येईल.

4.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी विषय घेऊन बी.ए. होणाऱ्या अनेकांच्या मनात पुढे बी.एड. करण्याचा विचार असतो. तेथे दोन विषयांच्या अध्यापन पद्धती निवडण्याची रीत दीर्घकाळ चालत आली आहे. मराठीच्या जोडीला इतिहास निवडणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्ष शाळेत मात्र, विशेषतः शिक्षकसंख्या कमी असेल तर, इतिहासाच्या शिक्षकाकडे नागरिकशास्त्राचे व भूगोलाचेही तास येतात. प्रशिक्षण एका विषयाचे आणि काम तीन विषयांचे, अशी ही विसंगती आहे. ती कशी निर्माण झाली आणि तिच्यावर उपाय काय, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

4.3 प्रशिक्षणाची वाटचाल

1854 च्या वुडच्या खलित्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाची गरज स्पष्टपणे मांडली गेली. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज 1906 साली सुरू झाले. पदवीधर शिक्षकांसाठीच्या विद्यापीठीय पदवीस आरंभी बी.टी. म्हणत, पुढे बी.एड. हे नाव रूढ झाले. या महाविद्यालयांत हर्बार्टच्या विचारांवर आधारलेल्या पंचपदीचा मोठा प्रभाव होता. पाठाचे टाचण काढावयाचे, ठरलेल्या पायऱ्यांनी तो घ्यावयाचा आणि निरीक्षकाने शेरा द्यावयाचा, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. पाठ मात्र इतिहासाचा वेगळा आणि भूगोलाचा वेगळा असे.

स्वातंत्र्यानंतर शालेय विषयांच्या रचनेबद्दल दोन भूमिका पुढे आल्या. मुदलियार आयोगाने (1952-53) सामाजिक अध्ययन हा एकात्म विषय सुचवला. समाजात कसे वागावे, परिसर कसा समजून घ्यावा, हे विद्यार्थ्याला तुकड्यातुकड्यांनी कळत नाही, असा त्यामागील विचार होता. कोठारी आयोगाने (1964-66) माध्यमिक स्तरावर इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र हे विषय स्वतंत्रपणे मांडले. प्रत्येक ज्ञानशाखेची स्वतःची शिस्त असते, हा या भूमिकेचा आधार होय. महाराष्ट्रात प्राथमिक स्तरावर ‘परिसर अभ्यास’ आणि माध्यमिक स्तरावर इतिहास व भूगोलाची वेगवेगळी पाठ्यपुस्तके, अशी दोन्ही भूमिकांची सांगड दिसते.

प्रशिक्षणाच्या स्वरूपातही बदल झाले. 1963 च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेले सूक्ष्म अध्यापन पुढे आपल्याकडे आले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा 1993 साली झाला. 1989 साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी दूरशिक्षणाने बी.एड.ची वाट खुली केली. 2014 च्या नियमांनुसार 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले व शाळेतील आंतरवासितेचा कालावधी वाढला. या सर्व बदलांचा भर कालावधी, तंत्र आणि नियमन यांवर होता. तीन विषय एकत्र कसे बांधावेत, हा प्रश्न बव्हंशी शिक्षकाच्या वैयक्तिक कुवतीवर सोडला गेला.

4.4 उदाहरण : वैतरणा नदी

या प्रश्नाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पालघर तालुक्यातील वैतरणा परिसरातल्या शाळेत नदीचा पाठ घ्यावयाचा आहे, असे समजा. भूगोलाचा शिक्षक सांगेल की, वैतरणा त्र्यंबकेश्वरच्या परिसरात उगम पावते व अरबी समुद्रास मिळते. हे अचूक आहे, पण पुरेसे नाही.

इतिहासाच्या अंगाने पाहिल्यास मुंबईच्या वाढीचा आलेख याच खोऱ्यात सापडतो. वैतरणेची उपनदी असलेल्या तानसेवरील धरण 1892 चे, मोडकसागर 1957 चे, ऊर्ध्व वैतरणा 1973 चे आणि मध्य वैतरणा 2014 चे. महानगर वाढत गेले, तसतशी या खोऱ्यातील पाण्याची मागणी वाढत गेली. मध्य वैतरणा धरण ज्या मोखाडा तालुक्यात आहे, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

येथे नागरिकशास्त्र सुरू होते. पाणी कोणाचे? ते कोणी ठरवावे? 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात विकास प्रकल्पांसाठी जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी अथवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत करण्याची तरतूद केली आहे. हे कलम पाठ करणारा विद्यार्थी परीक्षेत गुण मिळवील; परंतु आपल्या पाड्यावरील हंड्यांच्या रांगेशी त्याचा संबंध जोडणारा विद्यार्थी नागरिक होईल. हा संबंध तीन स्वतंत्र तासांत जुळत नाही. तो शिक्षकाला जुळवून द्यावा लागतो.

4.5 परिसरातून घडलेले प्रशिक्षण

याच जिल्ह्यात, विद्यापीठीय चौकटीबाहेर, एक वेगळी परंपरा निर्माण झाली. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून अंगणवाडी वस्तीत नेली गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. दगड, पाने, शंख-शिंपले हीच शैक्षणिक साधने झाली. हे कार्य बालशिक्षणाचे होते, माध्यमिक शिक्षणाचे नव्हे, हा भेद ध्यानात ठेवावा. तरीही मुलाचे जगणे आधी आणि विषयाची चौकट नंतर, हा त्यातील क्रम सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकासही मार्गदर्शक आहे.

4.6 सारांश

ज्ञानशाखांची शिस्त सोडून एकात्मता साधत नाही. तसे केल्यास पाठ वरवरचा होतो. सनावळी, नकाशा व कायदा यांत काटेकोर राहून ते एका प्रश्नाभोवती गुंफणे, हे सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचे खरे कौशल्य होय. मराठीच्या अभ्यासकास येथे एक लाभ आहे. नेमका प्रश्न साध्या भाषेत विचारण्याची सवय त्याला असते, आणि एकात्म पाठाचा आरंभ अशाच प्रश्नाने होतो.

4.7 स्वाध्याय

1. मुदलियार व कोठारी आयोगांच्या भूमिकांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
2. ‘बी.एड.मधील बदल कालावधी व तंत्र यांपुरते राहिले.’ या विधानाची चर्चा करा.
3. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, आपल्या गावचा बाजार किंवा बंदर यांपैकी एक विषय घेऊन इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र एकत्र गुंफणारा एक मध्यवर्ती प्रश्न तयार करा व त्यावर पाठाचे टाचण लिहा.