खिळ्यांच्या अक्षरांचे कोडे

मुलांनो, मेख म्हणजे खिळा, हे तुम्हांला ठाऊक आहे. हजारो वर्षांपूर्वी इराक व इराण या देशांत खिळ्यांसारख्या खुणांनी लिहीत असत. बोरूने ओल्या मातीच्या पाटीवर या खुणा उमटवत, दगडावरही कोरत. या लिपीला कीलाकार लिपी म्हणतात. पुढे ती वाचणारा कोणीच उरला नाही.

इराणात तख्त-ए-जमशीद येथे प्राचीन अवशेष आहेत. नीबूर नावाचा प्रवासी मुंबईहून निघून १७६५ मध्ये तेथे पोहोचला. त्याने तेथील शिलालेखांच्या नकला केल्या.

१८०२ मध्ये ग्रोटेफेंड या जर्मन शिक्षकाने त्यांतील दोन लेख निवडले. एक शब्द त्यांत पुन्हा पुन्हा येत होता. तो 'राजा' असावा, असा त्याने तर्क केला. नंतरच्या काळातील इराणी राजे 'अमुक, थोर राजा, राजांचा राजा, अमक्याचा मुलगा' असे लिहीत. 'राजांचा राजा' म्हणजे तुमच्या ओळखीचा शहेनशाह!

एका लेखातील राजा दुसऱ्या लेखातील राजाचा पिता होता. पण त्याच्या स्वतःच्या पित्याच्या नावाबरोबर 'राजा' हा शब्द नव्हता. असा राजा कोण? इतिहासात उत्तर मिळाले. तो दारा! त्याचा पिता हिस्तास्पीस राजा नव्हता. दाराचा मुलगा झर्क्सिस. तीन नावे कळली आणि काही अक्षरे हाती आली.

पुढे रॉलिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने बेहिस्तूनच्या लेखाची नक्कल केली. शीरीन-फरहादच्या कथेतील बेसुतूनचा डोंगर तो हाच. तेथे उंच कड्यावर दाराचा लेख तीन भाषांत कोरलेला आहे. एका भागापर्यंत पोहोचणे फारच कठीण होते. १८४७ मध्ये एक कुर्द मुलगा जिवावर उदार होऊन तेथे चढला. दोरीला लोंबकळत, अक्षरांवर ओला कागद दाबून त्याने ठसे घेतले. त्या शूर मुलाचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

१८५७ मध्ये लंडनमध्ये या विद्येची परीक्षा झाली. चार विद्वानांनी एकाच लेखाचे स्वतंत्रपणे भाषांतर केले. त्यांचे अर्थ बरेचसे जुळले. कोडे सुटले होते!

मुलांनो, एका ओळखीच्या शब्दाने अनोळखी लिपीचे दार उघडले. मराठी वाचताना अडलात, तर तुम्हीही आधी ओळखीचा शब्द शोधा. शहर, कागद, मेख असे कितीतरी शब्द तुमची वाट पाहत आहेत.

शब्दार्थ
शिलालेख – दगडावर कोरलेला मजकूर
तर्क – अंदाज
जिवावर उदार होणे – जिवाची पर्वा न करणे

स्वाध्याय
१. ग्रोटेफेंडने दाराचे नाव कसे ओळखले?
२. या पाठातील उर्दूतही असलेले पाच शब्द लिहा.