आधी बाक, मग भिंती

ताम्पेरे, मार्च

चि. सोनीस,


ओउलूच्या नव्या घराच्या परसात सौना बांधायचे तुम्ही दोघांनी ठरवले, हे वाचून फार आनंद झाला. सुमारे छप्पन्न लाख लोकसंख्येच्या या देशात तीसएक लाख सौना आहेत. 2020 साली युनेस्कोने फिनलंडच्या सौना-परंपरेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. पूर्वी इथल्या बायका सौनात बाळंत होत आणि गेलेल्या माणसाला शेवटची आंघोळही तिथेच घालत. एवढा मान असलेली वास्तू तू उभी करणार आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू पाठवलेली चित्रे पाहिली. समोर मोठी काच, बाकाखाली दिवे, बाक मात्र जमिनीपासून हातभर उंच. तसे करू नकोस. गरम हवा छताशी साठते. तापलेल्या दगडांवर पाणी टाकले की वाफ आधी वर जाते, छतावर पसरते आणि मग अंगावर उतरते. बाक खाली असला तर डोके भाजते आणि पाय गारठतात. म्हणून इथले जाणते लोक एकच नियम सांगतात: बसल्यावर पाय दगडांच्या वर हवेत.

आता हे आकड्यांत मांडू. भट्टीतल्या दगडांचा माथा 95 सेंटिमीटरवर असेल तर पाय ठेवायची फळी 100 वर घे. बसायचा बाक त्याच्या वर 45, म्हणजे 145 वर. बाकापासून छत 110 ते 120 सेंटिमीटर. म्हणजे छत जमिनीपासून 2.6 मीटरच्या आसपास आले. छत याहून फार उंच नेलेस तर वाफ वरच अडकून राहील. आधी बाक ठरव. छताची उंची, दार आणि भिंती त्यावरून आपोआप ठरतात.

ताई आणि दाजी उन्हाळ्यात येतील, त्यांचाही विचार आत्ताच कर. वर चढायला रुंद पायऱ्या आणि हाताला धरायला लाकडी कठडा ठेव. खालच्या फळीवर ऊब सौम्य असते, ताईला तिथे निवांत बसता येईल. तिच्या रक्तदाबाबद्दल मात्र आधी डॉक्टरांना विचारून घे.

भट्टी खोलीच्या घनफळावरून निवडतात. दोन मीटर लांब, दोन रुंद आणि 2.6 उंच, म्हणजे 10.4 घनमीटर. काचेतून उष्णता जाते, म्हणून दर चौरस मीटर काचेमागे हिशेबात 1.2 घनमीटर वाढवायचे. नुसते काचेचे दार दीड चौरस मीटरचे धरले तरी बेरीज बारावर जाते. विजेची भट्टी घनमीटरला साधारण एक किलोवॉट मागते, म्हणजे बारा किलोवॉट. घराचा मुख्य फ्यूज तीन फेजचा 25 अँपिअरचा असेल, तर त्यातले दर फेजला 17 अँपिअर एकटी भट्टी घेईल. मग ओव्हन आणि गाडीचे चार्जिंग कसे चालवणार? विजेचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचे, हा इथला कायदा आहे.

माझे मत विचारशील तर परसातल्या स्वतंत्र सौनाला लाकडाची भट्टीच घे. वीज गेली तरी ती चालते, आणि तिची वाफ मऊ लागते. पण धुराडे प्रमाणित हवे आणि भट्टीपासून लाकडी भिंतीपर्यंतचे अंतर भट्टीवरच्या पट्टीत लिहिले आहे तेवढे हवेच. निखारे पूर्ण विझेपर्यंत धुराड्याची झडप लावू नकोस. न दिसणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड माणसाचा जीव घेतो. राहत्या घराचे धुराडे दर वर्षी नुओहोयाकडून, म्हणजे धुराडी साफ करणाऱ्या कारागिराकडून, साफ करून घ्यावे लागते. जाळायला बर्चचे वाळलेले लाकूड, रंगवलेले कधीही नाही. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढायची.

भिंतीत इन्सुलेशन, त्यावर आतल्या बाजूने ॲल्युमिनियमचा कागद, सांधे ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद, मग दोनएक सेंटिमीटर हवेची फट आणि शेवटी फळ्या. ही फट ठेवली नाही तर ओल मागे अडकते आणि काही वर्षांत लाकूड कुजते. बाकाला हाआपा (ॲस्पेन) किंवा लेप्पाचे (अल्डर) लाकूड घे. पाइनच्या गाठींतून तापल्यावर चिकट राळ गळते. स्क्रू खालून मार, वरून दिसणारा लोखंडी माथा अंगाला चटका देतो. नदीतले गोटे भट्टीत टाकू नकोस, ते तापून फुटतात. ऑलिव्हिन डायबेस किंवा पेरिडोटाइटचे दगड आण, ते मोकळे रच आणि झिजलेले वेळच्या वेळी बदल.

ताज्या हवेवाचून सौनात जीव घुसमटतो. लाकडाच्या भट्टीला हवा भट्टीजवळ खालून आत येऊ दे आणि समोरच्या बाजूला बाहेर जायची वाट ठेव. दार बाहेर उघडणारे असावे, कडी-कुलूप नको. घेरी आलेला माणूस नुसता रेलला तरी ते उघडले पाहिजे.

जागेची वाटणी करताना कपड्यांची खोली वाफेच्या खोलीपेक्षा मोठी ठेव. दोन फेऱ्यांच्या मधला वेळ लोक तिथे आणि बाहेरच्या ओट्यावर घालवतात. ओउलूच्या थंडीत पाइप गोठतो, म्हणून नळाचा हट्ट धरू नकोस. पाणी बादलीने ने. उताराची फरशी आणि सांडपाण्याची वाट मात्र सुरुवातीलाच करून घे. आंघोळ झाल्यावर शेवटची दोन लाकडे जळू दे आणि झरोके उघडे ठेव, खोली आपोआप वाळते.

2025 च्या जानेवारीपासून नवा बांधकाम कायदा आला आहे आणि छोट्या इमारतींसाठी परवानगीची अट सैल झाली आहे. म्हणून कोणालाच विचारायचे नाही, असे समजू नकोस. आगीचे नियम, कुंपणापासूनचे अंतर आणि तुमच्या भागाचा आराखडा लागू राहतातच. महापालिकेच्या बांधकाम विभागाला नकाशा दाखव आणि शेजाऱ्यांशी आधी बोल. धूर कोणाच्या खिडकीत जाईल हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगले माहीत असते.

पैसे कमी पडले तर काच लहान कर, दिवे नंतर बसव, ओटा पुढच्या वर्षी बांध. बाकाची उंची, हवेची वाट आणि धुराडे या तीन ठिकाणी मात्र एक युरोही वाचवू नकोस. पाया घालण्याआधी नकाशा मला पाठव.

तुझा,
मामा