शेवटची गोळी का हुकते?

सेमिनारसाठी मी विषय घेतला पिस्तुलाचं मॅगझिन (आपलं हे नव्हे, गोळ्यांचं!). ग्लॉक १७ च्या मॅगझिनमध्ये १७ गोळ्या मावतात. तळाला '+२' बेसप्लेट लावली की १९. सरांनी विचारलं, "मग कुठली गोळी अडकेल?" मी ठामपणे म्हटलं, "पहिली. स्प्रिंग जास्त दाबली जाते ना!" सर नुसते हसले. हूकचा नियम मी कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीतून घोकलेला, कळला तो त्या दिवशी. तळ खाली सरकला म्हणजे शेवटच्या गोळीपाशी तीच स्प्रिंग पूर्वीपेक्षा मोकळी होते, जोर उरतो कमी. स्लाइड तर क्षणात परत येते. तोवर गोळी वर पोचली नाही की हुकली! म्हणून बेसप्लेटबरोबर स्प्रिंगही लांब किंवा कडक लागते. फार कडक घेतली, तर शेवटच्या गोळ्या भरताना अंगठा दुखतो, ते वेगळंच.