कारखाना बंद, सायकल चालू

पालघर, बोईसर भागात अजून जुन्या अ‍ॅटलस सायकली दिसतात. माणसे त्यांवरून तारापूरला कामाला जातात. ही सायकल १९५१ पासून सोनिपतला बनू लागली. ३ जून २०२० रोजी दिल्लीजवळचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. नेमका तो जागतिक सायकल दिन होता!

मग आपली सायकल भंगारात द्यायची का? आम्ही म्हणतो, मुळीच नाही. साध्या काळ्या सायकलींची मापे बहुतेक सारखीच असतात. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर दुसऱ्या कंपनीचे बसते. जुना भाग दुकानात न्यावा, मापाला माप लावून घ्यावे.

पण चिमट्याला तडा गेला तर? चिमटा म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन पाय. तिथे वेल्डिंगवर भागवू नका, नवाच घाला. बोईसरच्या सपाट रस्त्यावर एखादे वेळी निभेल. जव्हारच्या घाटात निभणार नाही. पावसात लोखंडी रिम ओली होते, रबर घसरते, ब्रेक उशिरा लागतो. म्हणून उताराआधीच वेग कमी करा. दोन्ही ब्रेक बरोबर दाबा. नुसता पुढचा जोरात दाबला, तर माणूस हँडलवरून खाली पडतो. मागे कोणी डबलसीट बसला असेल, तर त्याला उतरवून चालत यायला सांगा. रुसला तरी चालेल.