खड्ड्याची बोडी

आपला मुलूख तळ्यांचा. नवेगावबांधचे तळे आपण सर्वांनी पाहिले आहे. गावोगावी मामा तलाव आहेत, शेतात बोड्या आहेत. जुन्या काळी कोहळी लोकांनी जमिनीचा उतार पाहून पाळी घातल्या. त्या पाण्यावर आपले धान पिकत आले.

आता दुसरे पाणी पाहा. सडक अर्जुनीवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. गावोगावच्या सडका झाल्या, घरे झाली. या सगळ्याला मुरूम लागतो, गिट्टी लागते. मुरूम बंडीने गेला, ट्रकने गेला; खदान मात्र तिथेच राहिली. पावसाळ्यात ती भरते.

मी मास्तर असताना अशाच एका खदानीत तिसरीतला एक मुलगा बुडाला. म्हशी धुवायला गेला होता. काठ भिंतीसारखा उभा. पाय घसरला, वर येता आले नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना सवयीने त्याचे नाव माझ्या तोंडून गेले. वर्ग गप्प झाला. ती खदान पुढेही कित्येक वर्षे तशीच उघडी होती.

बोडीत पोर सहसा असे अडकत नाही. का बरे? बोडीला उतार असतो. माणूस चालत आत जातो, चालत बाहेर येतो. पाणी येण्याची वाट असते, जादा पाणी जाण्यास सांडवा असतो. खदानीला यांतले काही नसते. एवढे तिला दिले की तिचीही बोडी होते.

उन्हाळ्यात खदान आटली की काम करावे. एका बाजूचा काठ फोडून लांब उतार करावा. एक हात खोलीला निदान दोन हात उतार हवा. बाकीच्या उभ्या काठांना काटेरी कुंपण घालावे. जवळच्या नाल्याचे पाणी चर काढून आत आणावे, आणि सांडवा दगडांनी पक्का करावा. मुरमात पाणी टिकत नाही, झिरपते. म्हणून तळाशी चिकणमाती ठोकून बसवावी. ते जमले नाही तरी वाया गेले असे समजू नका. झिरपलेले पाणी आसपासच्या विहिरींना मिळते.

पाणी आठ-दहा महिने राहात असेल तर मासे पाळता येतात. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. तिघे एकत्र राहतात, भांडत नाहीत. (आपल्या ग्रामसभेपेक्षा बरे!) अगदी बारीक बीज टाकू नये, बोटाएवढी बोटुकली टाकावी. हे काम ढिवर बांधवांना विचारून करावे. त्यांच्याइतके पाणी कोणाला कळते?

खदानीचे पाणी तपासल्याशिवाय पिऊ मात्र नये. आणि जागा कोणाची ते आधी पाहावे. सरकारी असेल तर ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारांकडे अर्ज द्यावा. खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी.

मोठ्या खाणींचीही सुधारणा होते. नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यात गुमगावची मँगनीजची खाण आहे. तिथे खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे ढीग होते. त्यांच्यावर गवतही धड उगवत नव्हते. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या मातीत साखर कारखान्यातील मळी मिसळली, उपयोगी जिवाणू घातले आणि रोपे लावली. तिथे आज झाडे उभी आहेत.

बुलढाणा जिल्ह्याने तर खड्डा पडण्याआधीच विचार केला. 2017 च्या सुमारास तिकडे महामार्गाची कामे निघाली. त्यांना माती-मुरूम हवा होता, आणि गावांना पाणी हवे होते. मग गाळाने भरलेले तलाव आणि नाले खोल करून तीच माती रस्त्याला दिली. रस्ता झाला, आणि गावाला खोदाईचा वेगळा खर्च न होता पाण्याची जागा झाली. याला ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणतात.

तेव्हा उद्या कोणी तुमच्या गावी मुरूम मागायला आला, तर किती ट्रक नेणार एवढेच विचारू नका. खड्डा कोठे पडणार, त्याला उतार कोणत्या बाजूने ठेवणार, हेही विचारा. आणि परवानगीच्या कागदावर ते लिहून घ्या. आता आपल्याला वाचता येते.